सुरकुत्या हा आजार आहे काय?

चेहऱ्यावर सुया टोचून घेणे शरीअतनुसार जायज आहे काय, असा प्रश्न रमजानच्या काही आठवडे आधी एका भगिनीने मला विचारला. वय सेहेचाळीसच्या आसपास, पेशाने शिक्षिका, घरात विवाहयोग्य कन्या. धाकट्या भावाला सोबत घेऊन त्या अस्रच्या नमाजनंतर मशिदीच्या कार्यालयात आल्या होत्या. सुया म्हणजे ॲक्युपंक्चरच्या. ‘‘मौलाना, त्याने त्वचेला तजेला येतो, सुरकुत्या कमी होतात आणि एकूण तब्येतीलाही बरे वाटते, असे सांगतात. मी दोनदा जाऊन आले. पण मनाला खटकते आहे,’’ त्या म्हणाल्या. मी घाईत होतो. अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्यास मनाई आहे, तेव्हा टाळलेले बरे, एवढे सांगून मी त्यांना निरोप दिला. ते उत्तर अपुरे होते आणि काही अंशी चुकीचेही होते. प्रस्तुत लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे. तो त्या भगिनीच्या अनुमतीनेच लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण वस्तूचे ज्ञान नसताना तिच्यावर हुकूम लावणे हा आम्हा मौलवींचा जुना दोष आहे. ॲक्युपंक्चर ही चीनची दोन हजार वर्षांहून जुनी उपचारपद्धती. केसासारख्या बारीक, भरीव सुया शरीरावरील ठराविक बिंदूंवर टोचतात आणि काही वेळ तशाच ठेवतात. इंजेक्शनप्रमाणे त्यांतून कोणतेही द्रव्य आत सोडले जात नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल. महाराष्ट्राशी या विद्येचा एक धागाही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बंगालचे डॉ. बसू होते. कोटणीस १९४२ साली तिथेच निवर्तले. बसू मायदेशी परतले, १९५०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि भारतात तिचा पाया त्यांनी घातला. २०१९ साली केंद्र शासनाने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

चेहऱ्यावरील प्रयोग हा या जुन्या झाडाला फुटलेला नवा फाटा. कपाळ, गाल, हनुवटी, डोळ्यांचे कोपरे येथे सुया लावतात. एक बैठक साधारण अर्ध्या तासाची, आणि अशा दहा-बारा बैठका सांगितल्या जातात. सूक्ष्म जखमांमुळे तेथे रक्ताभिसरण वाढते व त्वचेला ताण देणारे कोलॅजेन तयार होते, असे स्पष्टीकरण दिले जाते. पुरावा मात्र तुटपुंजा आहे. २०१३ साली कोरियातील एका लहानशा अभ्यासात चेहऱ्याच्या लवचिकतेत थोडी सुधारणा दिसली. पण त्यात तीसही स्त्रिया नव्हत्या आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. जो परिणाम दिसतो तोही टिकाऊ नसतो, म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊ नये, आणि सुई प्रत्येक वेळी नवी व निर्जंतुक असावी, हे सांगायला मुफ्तीची गरज नाही.

आता शरीअतच्या बाजूने पाहू. उपचार म्हणून शरीराला टोचणे वा कापणे यात मूळचीच मनाई नाही. प्रेषित (स.) यांनी स्वतः हिजामा करवून घेतल्याचे सहीह हदीसींत आहे. ॲक्युपंक्चरच्या जुन्या ग्रंथांत ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीची जी कल्पना आहे, ती मानणे मुसलमानावर बंधनकारक नाही. सुई हे साधन आहे, शिफा अल्लाहकडून आहे, एवढी श्रद्धा पुरे.

अडचण सुईची नाही, ‘सौंदर्यासाठी’ या शब्दाची आहे. सूरह निसामध्ये सैतानाची ती प्रतिज्ञा येते, की तो माणसांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावील. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसीत गोंदणाऱ्या व गोंदवून घेणाऱ्या आणि सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार आहे. मी त्या दिवशी याच हदीसीच्या आधारे उत्तर दिले होते. परंतु तेराव्या शतकातील इमाम नववी यांनी या हदीसीचे विवरण करताना स्पष्ट केले आहे की मनाई केवळ रूपाच्या हव्यासापोटी केलेल्या कृतीला आहे. उपचारासाठी किंवा दोष दूर करण्यासाठी केले तर हरकत नाही. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषाला सोने एरवी निषिद्ध असताना! २००७ साली मलेशियातील पुत्रजाया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही हीच रेषा आखली: व्यंग, भाजल्याच्या वा अपघाताच्या खुणा दूर करणे जायज; धडधाकट रूप निव्वळ लहरीखातर बदलून घेणे नाजायज.

चेहऱ्यावरील सुया या दोहोंपैकी कशात बसतात? माझ्या मते कशातच नीट बसत नाहीत. त्या नाकाचा आकार बदलत नाहीत, काही भरत नाहीत, काही कापत नाहीत. त्यांचा परिणाम मेहंदीइतकाच, किंवा आपल्या आज्या लावत त्या हळद-बेसनाच्या उटण्याइतकाच तात्पुरता. त्या दृष्टीने ही गोष्ट निर्मितीतील बदलापेक्षा शृंगाराच्या जवळची आहे, आणि शृंगार स्त्रीला मूळतः मुबाह आहे. अटी अर्थातच आहेत. सुया लावणारी स्त्री असावी. वय लपवून विवाहाच्या बोलणीत कोणाची फसवणूक करण्याचा हेतू नसावा. उधळपट्टी नसावी. पैसा त्या भगिनीच्या स्वतःच्या पगाराचा होता, आणि स्त्रीची कमाई तिचीच असते, हे जाता जाता नमूद करतो, कारण अनेक घरांत ते विसरले गेले आहे. सुईने रोजा तुटत नाही. रक्त आले तर वुजूचे काय? थेंब ओघळला तर हनफी मतानुसार वुजू पुन्हा करावा लागतो. कोकणातील आपले शाफई बांधव मात्र त्याने वुजू तुटत नाही असे मानतात.

इथवर मी पोहोचलो आणि वाटले, झाले, उत्तर मिळाले. पुढच्या वेळी त्या भगिनीला बोलावून माझा आधीचा शब्द मागे घ्यावा असे ठरवले. पण त्याआधीच माझ्या पत्नीकडून मला निराळी हकीकत समजली. स्त्रियांच्या साप्ताहिक दर्सनंतर त्या तिच्याशी बोलल्या होत्या.

नात्यातील एका लग्नात काढलेले छायाचित्र मोबाईलवर सर्वांना दाखवताना त्यांचे पती हसत म्हणाले होते, ‘‘हिच्याकडे पाहा, माझी आई शोभते की नाही?’’ सारे हसले. त्याही हसल्या. मग त्या रात्री उशिरापर्यंत आरशासमोर उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात सुया लावणाऱ्या बाईंचा पत्ता शोधून काढला. पत्नीने त्यांना विचारले, ‘‘बाजी, मग फरक पडला का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘चेहऱ्याचे माहीत नाही. पण त्या अर्ध्या तासात मला कोणी हाक मारत नाही. दिवा मंद असतो. ती बाई हलक्या हाताने कपाळावरून केस बाजूला करते. पहिल्या दिवशी मी तिथे झोपून गेले.’’

हे ऐकल्यावर मला माझ्या सगळ्या किताबी उत्तराची लाज वाटली. आपल्याकडे म्हणतात ना, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. व्याधी एकाच्या जिभेवर होती. सुया दुसरीच्या गालाला टोचल्या जात होत्या, आणि मी, इमाम, सुया हलाल की हराम ते मोजत बसलो होतो. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, अशी आज्ञा आहे, आणि तिथे पुरुषांचा व स्त्रियांचा उल्लेख वेगवेगळा आहे. त्या लग्नघरी हराम जे घडले ते सुई विकत घेण्याच्या आधीच घडले होते. त्याबद्दल फतवा विचारायला कोणीही आले नाही.

मग मूळ प्रश्नाकडे मी पुन्हा वळलो: सुरकुती हा आजार आहे का? उपचार करावा काय, असे विचारणाऱ्या ग्रामीण अरबांना प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने प्रत्येक व्याधीसोबत औषध ठेवले आहे, एक व्याधी सोडून, ती म्हणजे वार्धक्य. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. विद्यार्थिदशेत ती पाठ केली तेव्हा मला तिच्यात केवळ उपचाराची अनुमती दिसली होती. आता दुसरे काही दिसते. वार्धक्याला व्याधींच्या रांगेत उभे केले आहे, म्हणजे त्याची पीडा नाकारलेली नाही. सांधे दुखतात, नजर मंदावते, आणि हो, आरशातला चेहरा परका वाटू लागतो. तेही दुखणेच. या दुखण्यांवर इलाज करावा. परंतु वार्धक्यावरच इलाज विकणारा जो कोणी असेल, मग त्याच्या हाती सुई असो की मलम, तो जे नाही ते विकतो आहे. सूरह रूममध्ये माणसाचा सारा प्रवास एका आयतीत सांगितला आहे: दुर्बलता, मग सामर्थ्य, मग पुन्हा दुर्बलता आणि पांढरे केस. चुरगळलेला कागद टाकून द्यावा तशी ही शेवटची अवस्था तिथे आलेली नाही. पहिल्या दोन अवस्था ज्याने निर्माण केल्या त्याचीच ती निर्मिती आहे.

याच संदर्भात दोन हदीसी शेजारी ठेवून पाहाव्यात. मक्काविजयाच्या दिवशी हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वृद्ध पिता अबू कुहाफा यांना आणले गेले. डोके व दाढी पांढरीशुभ्र. प्रेषितांनी (स.) तो रंग बदलण्यास सांगितले, काळा मात्र टाळा म्हणाले. दुसरीकडे पांढरा केस उपटण्यास मनाई केली, कारण तो मुस्लिमाचा नूर आहे. रंगवलेला केस रंगवला तरी जागेवरच राहतो. उपटलेला केस म्हणजे आलेले वय मान्यच नाही असे म्हणणे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे सारा निवाडा या दोहोंमधील फरकात आहे. वयाला सजवा, वयाशी भांडू नका. आपली मायमराठी तर म्हणते की केस ‘पिकतात’. फळासाठी असलेला शब्द तिने म्हातारपणाला दिला, आणि आपण मात्र पिकल्याचीच लाज बाळगतो!

आणि वृद्ध होत चाललेल्या पत्नीकडे कसे पाहावे? हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी त्यांची बहीण हाला मदीनेत प्रेषितांच्या (स.) दारी आल्या. तो आवाज ऐकून त्यांना खदीजांची आठवण झाली आणि ते गहिवरले. तरुण हजरत आयशा (रजि.) मत्सराने म्हणाल्या की त्या दात पडलेल्या वृद्धेची काय आठवण काढता, अल्लाहने आपणास तिच्याहून चांगली दिली आहे. मुस्नद अहमदमधील कथनानुसार प्रेषितांनी (स.) ते मान्य केले नाही: लोकांनी नाकारले तेव्हा तिने माझ्यावर विश्वास ठेवला, लोकांनी हात आखडता घेतला तेव्हा तिने आपल्या संपत्तीने मला साथ दिली. दातांविषयी एक अक्षरही नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) तर म्हणत की पत्नीने माझ्यासाठी सजावे असे मला वाटते, तसेच मीही तिच्यासाठी सजणे मला आवडते. माझ्या मशिदीत सुरकुत्यांविषयी मत देणारे बरेच पुरुष आहेत. त्यांपैकी किती जणांनी गेल्या वर्षभरात स्वतःच्या वाढत्या पोटाविषयी पत्नीला काय वाटते ते विचारले असेल?

त्या भगिनीचे पती माझ्या मागे दुसऱ्या सफमध्ये उभे राहतात. भला माणूस आहे. जमातीचा पाबंद, जकात चोख. त्यांना एकांतात गाठून बोलावे की न बोलावे, यावर मी बरेच दिवस विचार केला. बोललो असतो तर घरातली गोष्ट बाहेर कोणी नेली हे त्यांनी आधी विचारले असते. म्हणून एका इशानंतरच्या दर्समध्ये मी हाला आणि खदीजा (रजि.) यांचा प्रसंग सविस्तर सांगितला, नाव कोणाचेही न घेता. ते शेवटपर्यंत बसले होते. नंतर हात मिळवून काही न बोलता गेले.

त्या भगिनीला मी पत्नीमार्फत निरोप दिला की माझे पहिले उत्तर चुकले होते. वर सांगितलेल्या अटी पाळून त्यांना जाता येईल, आणि न जाण्यानेही त्यांचे काही उणे होणार नाही. त्यांनी कळवले की उरलेल्या बैठकांचे पैसे आधीच भरलेले आहेत, तेवढ्या त्या पुऱ्या करतील. आणि दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास घरात त्यांना कोणी हाक मारायची नाही, असे त्यांच्या कन्येने भावंडांना बजावून ठेवले आहे.