परक्याच्या देव्हाऱ्यातील पोथी

मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द दांभिक या अर्थाने रूढ आहे. हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांना आपण एका संपूर्ण पंथाचे नाव शिवीसारखे उच्चारीत आहोत याची जाणीवही नसते. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण ज्या समाजाने शतकानुशतके ऐकून घेतली, त्याने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून पेटीत बंद करून ठेवल्या असतील, तर त्यामागील सर्व कारणे त्या पंथाच्या स्वभावातच शोधणे न्यायाचे होणार नाही. बाहेरच्या उपहासापासून पूज्य वस्तू वाचविण्याचा तो एक मार्ग होता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे इत्यादी संशोधकांना या लिपींची किल्ली गवसली आणि ज्ञानेश्वरीच्या आधीच्या मराठी गद्याचे एक दालन अभ्यासकांना खुले झाले. मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने हा भाग्ययोगच होता. परंतु त्याच क्षणी एक नैतिक प्रश्नही उभा राहिला, आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. एका समाजाने पूज्य मानलेला ग्रंथ जेव्हा वाङ्मय म्हणून सर्वांच्या हाती येतो, तेव्हा त्यावर अधिकार कोणाचा?

हा प्रश्न विष्णु भिकाजी कोलते यांच्या कारकिर्दीइतका स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसतो. बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे १९०८ साली जन्मलेले कोलते मराठीचे प्राध्यापक होते. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६७ साली भोपाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परंतु त्यांची खरी ओळख महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक हीच राहिली. ते पंथाला अनुसरलेले भिक्षू नव्हते. त्यांचे आयुष्य मठात नव्हे, तर वर्गात आणि हस्तलिखितांच्या सान्निध्यात गेले. १९३५ साली भास्करभट्ट बोरीकरांवरील त्यांचा ग्रंथ आला, १९४५ साली ‘महानुभाव तत्त्वज्ञान’, १९४८ साली ‘महानुभावांचा आचारधर्म’, १९५२ साली ‘श्रीचक्रधर चरित्र’. आणि १९७८ साली राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केले. या संपादनावर संप्रदायातून तीव्र आक्षेप घेतले गेले. ज्या अभ्यासकाने या पंथाचा विचार सुशिक्षितांपुढे आदराने मांडला, त्याच्याच हातून पंथीयांचे मन दुखावले जावे, ही घटना केवळ दुर्दैवी म्हणून बाजूला सारता येत नाही.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू प्रथम समजून घेतली पाहिजे. श्रद्धावंताला लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आद्य नमुना नाही. चक्रधरस्वामी त्याच्या दृष्टीने परमेश्वराचा अवतार आहेत, आणि त्यांच्या प्रत्येक लीळेचे स्मरण ही त्याची साधना आहे. ज्या ग्रंथाचे तो स्मरण करतो त्याचेच दुसरे कोणी पाठभेद मांडतो, अमुक लीळा मूळची की प्रक्षिप्त असा विचार करतो, तेव्हा त्याला आपले देवघर कोणी मोजमापाची फूटपट्टी घेऊन तपासीत आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय या पोथ्या सहाशे वर्षे कोणी जपल्या? विद्यापीठांनी नव्हे, शासनाने तर नव्हेच. महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंत पसरलेल्या मठांनी त्या जपल्या. जेथे मराठी ही बोलभाषा नव्हती तेथेही ती धर्मभाषा म्हणून टिकवून धरली. ज्याने राखले त्याला काहीच हक्क नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

याहून गंभीर मुद्दा परिणामांचा आहे. संशोधकाच्या निष्कर्षाची चर्चा परिसंवादात होते आणि तेथेच ती शमते. परंतु त्याच्या ग्रंथातील एखादी लीळा संदर्भावाचून उचलून कोणी गावात हसू लागला, तर ते हसू झेलावे लागते ते तेथल्या साध्या उपदेशी कुटुंबाला. ज्या समाजाला म्हणीने घायाळ केले आहे, त्याला ही भीती अकारण वाटत नाही.

तथापि एवढ्यावरून संपादकाने अवघड मजकूर गाळावा, असा निष्कर्ष काढता येईल काय? येथे लीळाचरित्राच्या जन्माचीच कथा मार्गदर्शक ठरते. परंपरेनुसार चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी स्वामींना पाहिले व ऐकले होते त्यांच्याकडून आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. मूळ पोथी पुढे परचक्रात नाहीशी झाली. शिष्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. पंथीय लेखकांनी त्यांतील एकच पाठ ठेवून बाकीचे नष्ट केले नाहीत. ‘वासना’, ‘शोध’ अशी नावे देऊन त्यांनी भिन्न पाठ नोंदवून ठेवले. ज्या स्मृतीला ते पवित्र मानीत, तिच्यातील मतभेदही त्यांना लपविण्याजोगे वाटले नाहीत. पाठचिकित्सा ही या ग्रंथावर बाहेरून लादलेली गोष्ट नाही. ती त्याच्या घडणीतच आहे. त्या अर्थाने कोलते म्हाइंभटांच्याच वाटेने चालले होते.

मात्र दोघांत एक भेद राहतो. म्हाइंभट विचारीत होते ते पुन्हा स्मरण करण्यासाठी. संशोधक विचारतो ते जाणून घेण्यासाठी. पद्धत एक असली तरी हेतू भिन्न आहे, आणि हा भेद पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपण श्रद्धावंतच आहोत असा आव संशोधकाने आणू नये. त्याचप्रमाणे, श्रद्धा नाही म्हणून याला कळणारच नाही, असे पंथीयांनीही म्हणू नये.

मग श्रद्धावंत अभ्यासकाची वाट तरी सुकर असते काय? अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे उदाहरण येथे बोलके आहे. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या धर्मग्रंथापासून वाढलेल्या या पंथाचे वाङ्मय हाच यूजीन इंग्लंड या प्राध्यापकांच्या आस्थेचा विषय होता. ते स्वतः निष्ठावान अनुयायी होते. १९६६ साली पंथाच्या विचारांची मोकळी चर्चा करणारे ‘डायलॉग’ हे नियतकालिक स्थापन करणाऱ्यांत ते होते. पंथाच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात त्यांनी दोन दशके अध्यापन केले. तरीही पंथाच्या अधिकाऱ्यांची नाराजी त्यांना चुकली नाही आणि १९९८ साली त्यांना त्या विद्यापीठाबाहेर पडावे लागले. परक्याला ‘तू आमचा नाहीस’ असे ऐकावे लागते. आपल्याला ‘तू आमचा असून असे कसे बोललास’ असे. वेदना निराळी, प्रश्न तोच. तेव्हा हा वाद परका आणि आपला यांच्यातील नसून, सत्य सांगणे आणि सांगितलेल्या सत्याचा भार कोणी वाहणे, यांच्यातील आहे.

या दृष्टीने कोलत्यांच्या ग्रंथांचा क्रम अर्थपूर्ण वाटतो. त्यांनी लीळाचरित्राच्या संपादनाने आरंभ केला नाही. प्रथम एक कवी, मग तत्त्वज्ञान, मग आचार, मग चरित्र, आणि पहिल्या ग्रंथानंतर त्रेचाळीस वर्षांनी तो पूज्य ग्रंथ. त्यामुळे त्यांच्यावरील आक्षेप टळला नाही. परंतु एक गोष्ट निश्चित झाली. त्यांच्या संपादनातील कोणतीही अवघड लीळा ज्याला समजून घ्यायची असेल, त्याच्यासाठी तिच्यामागील विचारव्यूह मराठीत आधीच उपलब्ध होता. संशोधकाचे कर्तव्य गाळण्याचे नाही, तसे नुसते छापून मोकळे होण्याचेही नाही. जे उघड करावयाचे, ते समजण्याची सामग्रीही त्यानेच पुरवावयाची असते. हा भार जो उचलतो त्यालाच परक्याच्या देव्हाऱ्यातील पोथी उघडण्याचा अधिकार प्राप्त होतो. तोही पूर्णपणे नव्हे, आणि कायमचा तर नव्हेच.

आज रिद्धपुरात, म्हाइंभट जेथे वावरले त्या गावी, मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे, आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तिच्या प्राचीन वैभवाची साक्ष म्हणून लीळाचरित्राचे नाव अभिमानाने घेतले गेले. हा अभिमान सुखावह आहे. परंतु त्या समारंभाच्या भाषेत ‘मानभावी’ हा शब्द अजून जिवंत आहे. ज्यांनी जपलेल्या पोथीने भाषेला थोरवी दिली, त्यांच्या नावाची शिवी ती भाषा सहज उच्चारते. ग्रंथ सर्वांचा झाला असे म्हणावयाचे असेल, तर त्याच्या राखणदारांचा अपमानही सर्वांनी आपला मानला पाहिजे. तोपर्यंत ग्रंथ घेतला आणि ऋण मात्र तसेच राहिले, असेच म्हणावे लागेल.