सोसण्याची संमती

जी गोष्ट लोकांच्या हिताची आहे ती लोकांस न विचारता केली, तर तीत अन्याय घडतो काय, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच जुना आहे. तथापि समाजवादी अर्थव्यवस्था सोडून बाजारपेठेकडे वळताना पोलंड देशाने १९८७ ते १९९३ ह्या अवधीत त्याचा जो अनुभव घेतला, तसा क्वचितच कोणा राष्ट्राच्या वाट्यास आला असेल. तेथे एका सरकारने लोकांस विचारले, दुसऱ्याने विचारले नाही. आणि लोकांनी विचारणाऱ्यास झिडकारून न विचारणाऱ्याचे ऐकले.

२९ नोव्हेंबर १९८७ रोजी जनरल यारुझेल्स्की यांच्या राजवटीने सार्वमत घेतले. अर्थव्यवस्था मुळापासून सुधारावयाची तर दोन-तीन वर्षांचा खडतर काळ काढावा लागेल. हे जाणून तुमची त्यास संमती आहे काय, असा पहिल्या प्रश्नाचा आशय होता. मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी होकार दिला. परंतु एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा होकार असल्यावाचून ठराव संमत समजू नये, असा नियम होता आणि होकाराचे प्रमाण त्या हिशेबाने ४४ टक्क्यांच्या आसपासच अडले. मतपेटीचा धाक ज्या राजवटीस कधी वाटला नव्हता तिने आपल्याच नियमाने आपला पराभव मान्य करावा, ही इतिहासातील एक मौजच म्हणावयाची. मात्र नकार मिळाला म्हणून भाववाढ टळली नाही. १९८८ च्या आरंभी भाव चढविले गेले, त्या वर्षी दोनदा संपांची लाट उठली आणि अखेर सरकारास सॉलिडॅरिटी ह्या बंदी घातलेल्या कामगार संघटनेशी बोलणी करणे भाग पडले.

४ जून १९८९ च्या निवडणुकीत ह्या संघटनेने सिनेटच्या १०० जागांपैकी ९९ जागा पुढील फेरीअखेर मिळविल्या. सेइम ह्या मुख्य सभागृहात ज्या ३५ टक्के जागा खुल्या होत्या त्याही सर्व तिच्याच पदरात पडल्या. तादेउश माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले आणि लेशेक बाल्ट्सेरोविच ह्या अर्थशास्त्रज्ञाकडे खजिना आला. बाजारपेठेची योजना त्यांनी डिसेंबरात सेइमपुढे ठेवली. तीसंबंधीचे कायदे वर्ष संपण्यापूर्वी मंजूर होऊन १ जानेवारी १९९० पासून अंमलात आले. त्या एका महिन्यात भाव सुमारे ८० टक्क्यांनी चढले. वेतनवाढीवर कराचा लगाम बसला. ज्या देशात बेकार हा शब्द सरकारी दप्तरात जवळजवळ नव्हता, तेथे वर्षअखेर ११ लाखांवर माणसे बेकार म्हणून नोंदली गेली. आणि तरीही त्या वर्षाच्या आरंभी सरकारवरील विश्वास लोकमताच्या चाचण्यांत फार उंच होता. ज्या गिरण्यांतून आणि गोद्यांतून दोन वर्षांपूर्वी थोड्याशा भाववाढीवरून भोंगे वाजले होते, तेथील कामगार बरेच दिवस शांत राहिले.

ह्यावरून पुष्कळ लेखकांनी असा निष्कर्ष काढला आहे, की काय विचारले जाते ह्यापेक्षा कोण विचारतो ह्यास लोकमत अधिक किंमत देते. हे खरे आहे. पण आमच्या मते अर्धेच खरे आहे. विश्वास हा माणसावर ठेवला जातो, संमती मात्र एखाद्या कृत्यास द्यावयाची असते. पोलिश जनतेने १९८९ साली वालेसांच्या आणि माझोव्येत्स्कींच्या हाती विश्वास दिला. भाव किती चढावे, कोणते कारखाने बंद पडावे, ह्याविषयी तिने काहीच म्हटले नव्हते. सॉलिडॅरिटीच्या १९८१ च्या कार्यक्रमात तर कारखान्यांचा कारभार कामगारांनी पाहावा अशी आकांक्षा होती. मग लोकांच्या मौनास संमती समजणे हे, शेजाऱ्याने विश्वासाने ठेवावयास दिलेल्या दागिन्यावर कर्ज काढण्यासारखे नव्हे काय?

ह्यावर बाल्ट्सेरोविच यांच्या पक्षाचे उत्तर ठाम आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. १९८९ च्या ऑक्टोबरात एका महिन्यात भाव ५० टक्क्यांहून अधिक चढले होते. घर पेटलेले असता घरच्यांची सभा भरविता येत नाही. शिवाय परिणाम पाहा. रांगा नाहीशा झाल्या, दुकाने भरली आणि १९८९ ची उत्पन्नाची पातळी पुन्हा गाठण्यात त्या भागातील देशांत पोलंडच अग्रेसर ठरला. रोग्यास न विचारता शस्त्रक्रिया केली, पण रोगी उठून चालू लागला, असे हे समर्थन आहे. परंतु येथे ज्याच्या अंगावर शस्त्र चालले तो आणि जो उठून चालू लागला तो, हे पुष्कळदा एकच नव्हते.

आमच्या विवेचनाचा रोख येथेच आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हे शब्द निराळे आहेत. पहिल्यात ऐकणारा येतो, दुसऱ्यात येत नाही. पोलिश भाषेत दोहोंस एकच शब्द पुरतो. देशाने काही काळ सोसले पाहिजे असे वॉर्साचा प्राध्यापक चाचणीवाल्यास सांगे, तेव्हा त्याच्या बोलण्यातील समुदायात उत्तरेकडील सरकारी शेतीवरचा मजूर गृहीत धरलेला असे. पण त्या मजुराचे सोसणे प्राध्यापकाने त्याच्या वतीने कबूल करावे, हा अधिकार त्यास कोणी दिला? स्वतःच्या दुःखास कोणीही संमती द्यावी. दुसऱ्याच्या दुःखास बहुमताने दिलेली संमती ही निराळी वस्तू आहे, आणि टक्केवारीत मात्र ती दोन्ही एकाच रकान्यात पडतात. वूच ह्या शहराची (नकाशात लोद्झ असे लिहिलेले आढळते) गोष्ट आमच्या गिरणगावाच्या वाचकास परकी वाटणार नाही: सोव्हिएत गिऱ्हाईक नाहीसे होताच तेथील कापडगिरण्यांतून हजारो बाया घरी बसल्या.

ह्या साऱ्या मंडळींत आम्हांस यात्सेक कुरोन यांचे वर्तन विशेष लक्षणीय वाटते. जुन्या राजवटीत वर्षानुवर्षे तुरुंग भोगलेला हा गृहस्थ मजूरमंत्री झाला आणि दूरचित्रवाणीवरून नियमाने लोकांशी बोलू लागला. काय चालले आहे हे घरच्या भाषेत सांगावयाचे, एवढाच त्याचा प्रघात. गरजूंसाठी वाटलेल्या सूपास लोकांनी त्याच्याच नावावरून ‘कुरोन्युव्का’ म्हटले आणि पुढे बेकारभत्त्यासही तेच नाव पडले. सांगण्याने पोट भरत नाही हे खरे. परंतु ज्याच्यावर आघात होणार त्याच्याकडे तोंड करून बोलणे ही, विचारावयास सवड नसली तरी, टाळता न येणारी गोष्ट आहे असे त्या मनुष्यास वाटले असावे. उतारवयात त्या वर्षांतील आपल्या भागाविषयी त्यांनी जाहीर खेद दर्शविला. अर्थमंत्र्यांनी तसा तो दर्शविला नाही. आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्यांस तशी गरजही नव्हती.

१९९० च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझोव्येत्स्की तिसरे आले. त्यांच्या पुढे तिमिन्स्की नावाचा, परदेशात धनाढ्य झालेला आणि आदल्या वर्षापर्यंत कोणास ठाऊक नसलेला गृहस्थ निघाला. निवडून अर्थात वालेसा आले. १९९३ च्या सप्टेंबरात जुन्या कम्युनिस्टांचे वारस सर्वांत मोठा पक्ष ठरले. लोक कृतघ्न असतात, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. पण ह्या वारसांनी सत्तेवर येऊन बाजारपेठ मोडली नाही, आणि ती मोडावी म्हणून त्यांच्या मतदारांनी रस्तेही अडविले नाहीत. मग ते मत कशाविरुद्ध होते? १९८७ च्या पत्रिकेवर दोन-तीन वर्षे असे लिहिले होते; ती कोणाची, हे लिहिलेले नव्हते. सरकारी शेती १९९१ च्या कायद्याने मोडीत निघाल्यावर तिच्या कडेच्या चाळींतून राहणाऱ्या कित्येक कुटुंबांस ते दशक संपेपर्यंत काम मिळाले नाही.