टेपची खूण आणि काळाची साक्ष

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले स्वच्छ चित्र व्हीएचएस कॅसेटवर उतरवायचे, ती कॅसेट व्हीसीआरमध्ये चालवायची आणि पडद्यावर उमटणारे मळकट चित्र पुन्हा संगणकात घ्यायचे, ही पद्धत गाण्यांच्या व्हिडिओंत आणि लघुपटांत आता चांगलीच रुळली आहे. आज टिपलेले दृश्य चाळीस वर्षांपूर्वीचे वाटावे, हा तिचा हेतू. त्यातून प्रमाणशास्त्रातला एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. चित्र जुने नाही, पण जुन्या यंत्रातून ते खरोखर गेले आहे. मग त्याच्यावरच्या खुणा खऱ्या मानायच्या की खोट्या?

आधी खुणा कशा उमटतात ते पाहावे लागते. जेव्हीसी कंपनीने 1976 मध्ये बाजारात आणलेल्या व्हीएचएसची फीत अर्धा इंच रुंद असते. 62 मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या ड्रमवरचे हेड तिच्यावर तिरप्या रेषांत चित्र लिहितात. एवढ्याशा फितीवर सगळा तपशील मावत नाही. उजेड-अंधाराच्या संकेताला सुमारे तीन मेगाहर्ट्झ एवढीच जागा मिळते, म्हणून आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांचा तपशील उरतो. रंगाच्या वाट्याला त्याहूनही कमी येते. तो खालच्या कंप्रतेवर उतरवून नोंदवला जातो, त्यामुळे लाल ओढणीचा रंग तिची कड ओलांडून शेजारी पसरतो. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाते त्या जागी चित्राच्या तळाशी थरथरती पट्टी दिसते. कोरी कॅसेट आणि उत्तम यंत्र घेतले तरी पहिल्याच ध्वनिचित्रमुद्रणात हे सारे येते.

दुसऱ्या जातीच्या खुणा काळ करतो. फितीवरचा चुंबकीय लेप झडला की पांढऱ्या रेघा चमकून जातात, कडा दुमडतात, चित्रात मुंग्या वाढतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या लग्नाच्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते. या खुणांसाठी वर्षे जावी लागतात. ज्यांना तेवढे थांबायचे नसते ते फीत हाताने चुरगळतात किंवा प्रतीवरून प्रत आणि तिच्यावरून आणखी प्रत काढतात. चुरगळलेल्या फितीचा लेप खरोखरच झडतो, पण तो झडवणारा हात असतो, काळ नसतो.

न्यायदर्शनाने अनुमानाची जी चिकित्सा केली आहे ती इथे नेमकी लागू पडते. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे असे ठरवता येते, कारण धूर आणि अग्नी यांची व्याप्ती, म्हणजे अढळ साहचर्य, ठाऊक असते. धुके किंवा वाफ पाहून तो धूर समजला, तर हेतूच, म्हणजे अनुमानाचा आधार असलेली खूणच, असिद्ध ठरतो. संगणकातल्या फिल्टरने काढलेल्या रेघांचे असेच आहे. तिथे टेप नाही, हेड नाही, खूण म्हणून जे दिसते ते खूणच नव्हे. टेपमधून खरोखर काढलेल्या चित्राचे मात्र तसे नाही. त्यावरून टेप होती असे अनुमान केले तर ते निर्दोष आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. टेप आहे म्हणून चित्रही त्या काळातले, असे प्रेक्षकाचे मन धरून चालते. व्हीएचएस हेच घरोघरचे माध्यम होते तोवर ही व्याप्ती टिकून होती. आता जिथे जुनेपण नाही तिथेही तोच हेतू आढळतो, आणि नैयायिकांच्या भाषेत तो सव्यभिचार झाला आहे. म्हणजे एकच रेघ टेपबद्दल खरे सांगते आणि काळाबद्दल काहीच सांगू शकत नाही. खऱ्या-खोट्याचा सरसकट निवाडा इथे चुकतो तो यामुळे.

मग फसवणूक कधी होते? इंग्लंडच्या जॉन रस्किन याने 1849 च्या वास्तुकलेवरील ग्रंथात सामग्रीच्या खोटेपणावर कडक टीका केली. लाकूड रंगवून ते संगमरवर असल्याचे भासवणे त्याला अनैतिक वाटे. पण इमारतीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला त्याने दोष दिला नाही, कारण तिथे भरीव सोने असल्याचे कोणी समजतच नाही. दागिन्यावरचा मुलामा मात्र फसवतो. ही कसोटी टेपलाही चालते. 2021 चा ‘ड्यून’ हा चित्रपट डिजिटल कॅमेऱ्याने टिपून 35 मिलिमीटर फिल्मवर उतरवला गेला आणि पुन्हा स्कॅन केला गेला. कथा दूरच्या भविष्यातली असल्याने फिल्मचा पोत पाहून कोणी ती जुनी समजत नाही. तिथे पोत हा निव्वळ पोत आहे, आणि त्याला हरकत घ्यायला जागा नाही.

पाब्लो लारैन यांच्या ‘नो’ (2012) या चित्रपटाचे उदाहरण अवघड आहे. चिलीमधील 1988 च्या सार्वमतावरचा हा चित्रपट 1983 च्या यू-मॅटिक व्हिडिओ कॅमेऱ्यांनी चित्रित झाला. त्या वेळच्या खऱ्या प्रचारफिती त्यात आहेत, आणि त्यांच्यात व नव्या दृश्यांत सांधा दिसू नये म्हणूनच जुने यंत्र निवडले गेले. कलेच्या दृष्टीने ही निवड श्रेष्ठ आहे. काळ पडद्यावर एकसंध उभा राहतो. तरीही ज्या राष्ट्राच्या स्मृतीत ते सार्वमत अजून ताजे आहे, तिथे कल्पित दृश्याला दस्तऐवजाचा चेहरा मिळतो. कथापट म्हणून जाहीर असल्यामुळे तो दोषमुक्त ठरतो. हीच युक्ती माहितीपटात, बातमीत किंवा राजकीय प्रचारात न सांगता वापरली तर ती खोटी साक्ष होय, टेप कितीही अस्सल असली तरी.

आणखी एक बाजू या चर्चेत बहुधा सुटते. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानी कंपनी फुनाई हिने 2016 मध्ये उत्पादन थांबवले. हेड वापराने झिजतात, आणि कालच्या ज्या कॅसेट अजून डिजिटल झालेल्या नाहीत त्यांना वाचायला हीच उरलेली यंत्रे आहेत. जुना पोत हवा म्हणून भंगारातली भरलेली कॅसेट आणून तिच्यावर नवे चित्र उतरवले जाते, तेव्हा काळाची खरी साक्ष पुसली जाते आणि तिच्या जागी काळाचा आभास लिहिला जातो. कलेच्या नावाखाली या कृतीचे समर्थन होऊ शकत नाही. हा प्रयोग करणाऱ्याने कोरी कॅसेट घ्यावी. ती मिळत नसेल तर हाती आलेली भरलेली कॅसेट आधी पूर्ण पाहावी, तिची डिजिटल प्रत काढावी आणि मगच रेकॉर्डचे बटण दाबावे.