दामदुप्पट आणि घराचे कर्ज

दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत आपल्या घराण्यांतून 'कर्ज' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जाई. ऋण काढून सण करणारा दूषणास पात्र ठरे आणि वाडा गहाण पडणे ही तर कुळाची नामुष्की मानली जाई. आज त्याच घराण्यांतील मुलगा इंदुरास वा बडोद्यास नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी वीस वर्षांचे कर्ज काढून सदनिका घेतो आणि घरात पेढे वाटले जातात. यात नीती ढासळली असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. केवळ शिलकीवर घर घेईन म्हणणाऱ्या पगारदाराला ते बहुधा निवृत्तीच्या सुमारासच लाभेल. कर्ज घेणे आता अपरिहार्य झाले आहे. परंतु त्याची मर्यादा कोणी ठरवावी, या प्रश्नाचा विचार मात्र आपण सोडून दिला आहे.

पूर्वी ही मर्यादा शास्त्राने घालून दिली होती. दामदुप्पटीचा नियम ज्येष्ठ वाचकांना स्मरत असेल : धनकोने एका वेळी मागावयाचे थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक असू नये. इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला. पुढे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० ने, रक्कम फेडून गहाण सोडवून घेण्याचा हक्क ऋणकोला दिला. गहाणखतातच अट घालून तो हक्क हिरावून घेणे न्यायालयांनी मान्य केले नाही. या दोहोंमागील नैतिक दृष्टी एकच आहे. गरजवंताची संमती पुरती मोकळी नसते, म्हणून देणाऱ्याच्या हाताला आवर हवा.

आजचे गृहकर्ज या चौकटीत बसत नाही. व्याज दरमहा चुकते होत जाते, ते साठत नाही. त्यामुळे दामदुप्पटीचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. तरीही एक हिशेब करून पाहावा. तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांचा. पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये व्याजापोटी जातात, मुद्दलात जेमतेम ४,७८५ जमा होतात. पाच वर्षांत १५ लाख ६२ हजार भरूनही मुद्दल सुमारे साडेतीन लाखांनीच उतरते. दर तोच राहिला तर वीस वर्षांतील व्याज सुमारे साडेबत्तीस लाख, म्हणजे मुद्दलाहून अधिक. मुदत पंधरा वर्षांची ठेवली, तर हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो आणि व्याजाचे नऊ लाखांहून अधिक रुपये वाचतात.

यात कोणी कोणास फसविलेले नाही. सारे कागदावर लिहिलेले असते आणि खाली सही असते. परंतु ती सही कोणाची? तिशीतला माणूस आपल्याच पन्नाशीच्या वतीने वचन देतो. मुलांच्या शिक्षणाची आणि आईवडिलांच्या औषधपाण्याची वर्षेही त्या वचनात बांधली जातात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, पण येथे अंथरूण वीस वर्षांनंतरचे आहे. म्हणून माझे मत असे की, दामदुप्पटीसारखी मर्यादा आता ऋणकोने आपली आपणच घालून घ्यावी आणि ज्यांची वर्षे गुंतणार आहेत त्यांना विचारून घालावी.

ही मर्यादा व्यवहारात कशी पाळावी? मुदत निवृत्तीच्या अलीकडेच संपावी. व्याजदर बदलता असतो, हे गृहीत धरावे : मे २०२२ च्या आरंभी चार टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला, आणि अनेकांचा हप्ता तोच राहून मुदत मात्र लांबली. हप्ता वाढवावा की मुदत, ही निवड ऋणकोला द्यावी असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. झेपत असेल तर हप्ता वाढवावा. मुदत वाढविणे म्हणजे वार्धक्याला न विचारता त्याच्यावर भार टाकणे. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. थकबाकी वा बोनस हाती आला की तो मुद्दलात भरावा.

दुसरा प्रश्न आपल्या पिढीचा आहे. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के देते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. उरलेली रक्कम आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी यांचा खर्च पदरचा. या खिंडारात बहुधा वडिलांची ग्रॅच्युइटी जाते. द्यावी का? आपल्या म्हातारपणाला पुरून उरेल तेवढी अवश्य द्यावी, आणि ती देणगी की उसनवार हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. न लिहिलेल्या औदार्यातून भावाभावांत काय निघते, ते महसूल खात्यातील नोकरीत वाटणीच्या प्रकरणांतून मी पुष्कळ पाहिले. जामीन राहण्याचेही तसेच. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. भिडेपोटी सही करणाऱ्याने ते कर्ज आपलेच समजावे. आणि जुना वाडा तारण ठेवावयाचा असेल, तर बहिणींना कळविल्याविना तसे करू नये. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलीही मुलांप्रमाणेच सहदायाद झाल्या आहेत. पण कायदा नसता तरी ज्या अंगणात त्या वाढल्या, त्याच्यावर त्यांचा शब्द असणे न्याय्यच होते.

पूर्ण फेड झाल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत देणे डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे. विलंब बँकेचा असेल तर प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणजे धनकोला आवर घालण्याची जुनी दृष्टी आजही अगदीच लोपलेली नाही. मात्र किती घ्यावे आणि कोणाच्या वर्षांवर घ्यावे, हे सांगणारा कायदा पूर्वीही नव्हता, आजही नाही. ते घरातल्या माणसांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल.