शोक, कारण आणि आलंबन

पॅरिसमध्ये एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूत कंपवातावरील उपचार म्हणून विद्युदग्रे बसविण्यात आली होती. त्यांतील एका विशिष्ट बिंदूतून प्रवाह सोडताच काही सेकंदांत तिचा चेहरा उतरला, ती रडू लागली आणि आपण निरुपयोगी आहोत, जगण्यात आता काही उरलेले नाही, अशा आशयाचे बोलू लागली. प्रवाह थांबविल्यावर दीड मिनिटाच्या आत हे सारे ओसरले. विषादाचा पूर्वेतिहास तिला नव्हता. ही हकीकत १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. ती वैद्यकातील खरीच. परंतु तिच्यातील पेच अन्वयार्थाचा आहे. ती वाक्ये कोणाची?

लोकव्यवहारात ज्यांना कारण, कार्य आणि सहकारी म्हणतात त्यांनाच काव्यात विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव ही नावे मिळतात, असे मम्मट सांगतो. (रुग्णशय्येपाशी मम्मट आठवावा, हा साहित्याच्या अध्यापकाचा व्यवसायदोष मानावा.) पॅरिसच्या प्रसंगात अश्रू होते, वाणी होती, शोकाला कारणही होते. नव्हते ते आलंबन. ज्याच्याविषयी शोक करावा असे काहीही समोर नसताना शोकाची भाषा मात्र पूर्ण रूपात अवतरली. विषादाच्या रुग्णाला घरची माणसे 'तुला काय कमी आहे?' असे विचारतात तेव्हा ती वस्तुतः आलंबनच मागत असतात आणि रुग्णापाशी ते बहुधा नसते. शोक आलंबनावाचूनही खरा असू शकतो, एवढे तरी या प्रसंगाने दाखवून दिले. त्या जाचक प्रश्नातून रुग्णाची सुटका होणे, हा मला लहानसा नैतिक लाभ वाटत नाही.

मात्र 'ती वाक्ये प्रवाहाची, त्या स्त्रीची नव्हेत' असे म्हणून मोकळे होता येत नाही. २००५ साली टोरांटो येथे हेलन मेबर्ग, आंद्रेस लोझानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या विषादाच्या सहा रुग्णांवर याच तंत्राचा, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचा, प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. प्रवाह सुरू होताच आतली पोकळी नाहीशी झाल्याचे, मन एकाएकी शांत झाल्याचे रुग्णांनी आपण होऊन सांगितले. सहांपैकी चौघांची सुधारणा सहा महिने टिकली. हे बोलणे मात्र आपण निःशंकपणे रुग्णांचे मानतो. ते 'स्वतःला परत सापडले' असेही म्हणतो. कारण हाच निकष असेल, तर दोन्ही उद्गार सारखेच परके ठरतात. गतायुष्याशी असलेले सातत्य हा निकष लावावा, तर तो उलटाच पडतो: वर्षानुवर्षे विषादात राहिलेल्यांच्या जीवनकथेशी विषादच जुळणारा, परकी ठरते ती सुटका.

तेव्हा माझ्या मते उरतो तो एकच आधार: त्या अवस्थेचा त्या व्यक्तीने पुढे बोलत, जगत केलेला स्वीकार अथवा अव्हेर. या स्वीकाराला काळ लागतो. अमेरिकेतील ९० रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांअखेर प्रवाह चालू असलेले व नसलेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. २०१३ साली ती थांबविण्यात आली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांनंतर जवळजवळ निम्म्या रुग्णांत सुधारणा दिसत होती. अर्थात तोवर सर्वांचाच प्रवाह सुरू झालेला असल्याने तुलनेला कोणी उरले नव्हते.

२०२३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने या आधारालाच धक्का दिला आहे. मेबर्ग यांच्यासह काम करणाऱ्या गटाने दहा रुग्णांवर उपचार केले, नऊ सुधारले. काहींच्या मेंदूतून मिळालेल्या विद्युत्संकेतांवरून आजार व आरोग्य यांतील फरक ओळखता येऊ लागला. एका रुग्णाच्या बाबतीत, मुलाखतीत सारे ठीक दिसत असतानाच संकेत बिघडला होता; आजार उलटला तो काही आठवड्यांनी. संकेत वाचावयास यंत्र शिकले ते मुळात रुग्णांच्या मुलाखतींवरून केलेल्या आजाराच्या मोजमापावरूनच. आता शिष्य गुरूची चूक दाखवीत आहे. संकेताला पूर्वसूचना मानण्यास हरकत नाही. परंतु 'मी बरा आहे' असे रुग्ण म्हणत असता केवळ संकेतावरून प्रवाह वाढविला गेला, तर त्याचे ते वाक्य विधान राहणार नाही. घाम किंवा कंप यांसारखे आणखी एक चिन्ह ठरेल. आणि तरीही, त्या एका रुग्णाच्या बाबतीत संकेत खरा ठरला होता. मधल्या त्या आठवड्यांत त्याच्याशी काय बोलावयास हवे होते, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.