अर्ध्यावरून परतलेल्याला पुन्हा सेवा द्यावी का?

शंका : आमच्या मंडळीने एका तरुणाला वाड्यावस्त्यांवर सुवार्तेच्या सेवेसाठी पाठवले होते. काही महिन्यांतच तो कुणाला न विचारता घरी परतला. आता पुन्हा जातो म्हणतो. पाळकसाहेब राजी आहेत, पंचांपैकी आम्ही काही जण नाही. पौलाने मार्काला दुसऱ्या फेरीत नेले नाही, एवढा दाखला पुरेसा नाही का?

समाधान : दाखला खरा, पण तुम्ही तो निम्माच घेतलात.

योहान मार्क पहिल्या फेरीत पंफुलियातल्या पिर्गाहून यरुशलेमेला परतला. का, ते ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगत नाही. घर आठवले, आजारी पडला, घाबरला, हे सगळे आपले तर्क. पुढची वाट मात्र सोपी नव्हती. पिर्गाहून पिसिदियातल्या अंत्युखियाला जायचे तर तौरस डोंगर चढावा लागे. त्याच फेरीत लुस्त्र इथे लोकांनी पौलाला दगडमार केला आणि मेला समजून गावाबाहेर ओढून टाकले. अशा वाटेवर भरवशाचा सोबती हवा, हे पौलाचे म्हणणे मला तरी आडमुठेपणाचे वाटत नाही.

पण मार्काला पुन्हा न्यावे म्हणणारा पौलाचा सोबती बर्णबाही चुकला असे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही. मार्क त्याच्या नात्यातला, ही गोष्ट खरी. (नात्यागोत्याचा आरोप तेव्हाही झाला असेल, मंडळ्या कुठेही सारख्याच!) तरी हाच बर्णबा पूर्वी शौलाचा, म्हणजे पौलाचाच, हात धरून त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला होता. तेव्हा यरुशलेमेतले सगळे शिष्य शौलाला भीत होते. स्वतः पौलालाच कुणीतरी असा हात दिला होता, हे पंचांनी विसरू नये. वाद इतका पेटला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया व किलिकियातून निघाला.

आता उरलेला निम्मा भाग. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय काढा. पौल कैदेत आहे, शेवट जवळ आलेला. त्रोवसात राहिलेला झगा आणि चर्मपत्रे तो मागवतो, आणि मार्कालाही घेऊन ये म्हणतो, कारण सेवेसाठी तो उपयोगी आहे.

तेव्हा त्या तरुणाला नाकारू नका, पण एकट्याला त्याच वस्तीवर धाडूही नका. पौलही शक्यतो सोबत्यांशिवाय निघत नसे. ज्या पाळकांचा त्याच्यावर विश्वास आहे, त्यांच्याच हाताखाली वर्षभर राहू द्या. आणि तो का परतला, हे तुमच्यापैकी कुणी त्याला विचारले आहे का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. पंचांच्या पुढच्या बैठकीआधी त्याच्या घरी जाऊन आधी तेवढे विचारा.