सहावीचं पुस्तक

अनसिंगची एक पोरगी अकरावीला अकोल्याच्या क्लासला गेली. सोयाबीन विकून बाबांनी पहिला हप्ता भरला. दिवाळीत ती घरी आली ती रडवेली होऊनच. ‘नीट’ म्हणजे 180 प्रश्न, 720 गुण, उत्तर चुकलं की एक गुण वजा. आणि हिला रसायनशास्त्रातलं मोलचं साधं उदाहरण सुटेना.

“अजून एक क्लास लावू,” बाबा म्हणाले. “तूर निघाली की पैशाचं पाहू.”

गल्लीतल्या निवृत्त गणिताच्या सरांनी तिला विचारलं, “18 ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, तर साडेचार ग्रॅम म्हणजे किती?” सूत्र तिनं धडाधड लिहिलं आणि भागाकारापाशी थांबली. सरांनी आठवीचं विचारलं, मग सातवीचं. खरं अडलं होतं सहावीच्या गुणोत्तरात.

“काढ सहावीचं पुस्तक.”

बाबांना ते लागलं. “सर, पोरगी डॉक्टर व्हायले निघाली, अन् तुम्ही तिले सहावीत बसवता?”

सर म्हणाले, “जपानात शाळा सुटली की पोरं शिकवणीला जातात, तिला जुकू म्हणतात. तिथलेच एक गणिताचे शिक्षक, तोरू कुमोन. 1954 साली ते दुसरीतल्या आपल्या मुलाला घरीच उदाहरणं लिहून द्यायला लागले. त्यातून पद्धत घडली: पोराला जमतं तिथून सुरुवात करायची, इयत्ता कोणती का असेना. आज ती जगभर चालते.”

मग ते पोरीकडे वळले. “फवारणीला औषध किती टाकता?”

“पंधरा लिटरच्या पंपाले तीस मिली.”

“अन् दोनशे लिटरच्या टाकीले?”

“चारशे.” हा हिशेब घरात तीच करायची.

“हेच गुणोत्तर. आता साडेचार ग्रॅमचं सांग.”

“पाव मोल!”

सरांनी तिला ढ ठरवलं नाही, अडलं कुठे तेवढं शोधलं, हे मला फार मोलाचं वाटतं. शेकडो मुलांच्या हॉलमध्ये एकेकाचं अडलेलं शोधायला सवड नसते. तसाच दुसरा क्लास लावून ती कुठून मिळणार?

दिवाळीची सुट्टी सहावी-सातवीच्या पुस्तकांत गेली. पुढच्या चाचणीनंतर बाबांनी फोनवर गुण विचारले.

“थोडेच वाढले बाबा. पण कुठं अडलं ते आता मले समजते. तेवढंच जाऊन विचारतो सरायले.”

तुरीचे पैसे हाती आले, तरी दुसरा क्लास लागला नाही. बाबांनी धाकट्याला मात्र संध्याकाळी सरांकडे नेऊन बसवलं. तो सहावीतच होता.